बीदरचा अर्धा मदरसा

मराठी माणसाच्या कानावर बीदरचं नाव पहिल्यांदा पडतं ते बहुधा कीर्तनात. दुष्काळ पडलेला, मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारं भुकेल्यांसाठी खुली केलेली, बेदरचा बादशहा संतापलेला. आणि मग विठू महाराच्या रूपात पांडुरंग दरबारात उभा राहतो, धान्याची किंमत मोजतो आणि रीतसर पावती घेतो. कथेतलं बेदर म्हणजे बहमनी सुलतानांची राजधानी बीदर. पिढ्यान्‌पिढ्या ही कथा ऐकणाऱ्यांपैकी ते शहर पाहिलेली माणसं मात्र थोडी. सहली विजापूरच्या गोलघुमटाला जातात, हैदराबादच्या चारमिनारला जातात. बीदर वाटेवर असूनही राहून जातं.

वास्तविक उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. तिथल्या जुन्या माणसांना जिल्ह्याचं काम निघालं की बीदर गाठावं लागे. राज्यपुनर्रचनेत भाषेनुसार हद्द ठरली, तालुके इकडे आले, बीदर तिकडे, आजच्या कर्नाटकात गेलं. हद्द ठरणं गरजेचंच होतं. पण तिच्याबरोबर आपण एका शहराचा इतिहासही तिकडे देऊन टाकला, याची मला हळहळ वाटते. त्या शहरात पंधराव्या शतकात बांधलेली एक शाळा आहे आणि तिच्या उभारणीची कहाणी दाभोळ, विशाळगड, संगमेश्वर, पाथरी अशा आपल्याच गावांतून जाते.

चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे निघालं की वाटेत मिनार दिसतो. एकच. उंची १३१ फूट, तीन टप्पे, मध्ये दोन सज्जे. या सज्ज्यांखाली घोडे नाहीत, तोडे नाहीत. मिनाराचं अंगच वळण घेत बाहेर येतं आणि सज्जा होतं. मिनाराला लागून दर्शनी भिंतीचा उत्तरेकडचा निम्मा भाग, तीन मजली, कमानींच्या ओळींचा. त्याच्या पुढे भिंत संपते. मुख्य दरवाजा नाही. दक्षिणेकडची निम्मी दर्शनी बाजू नाही. दुसऱ्या मिनाराचं फक्त बुड राहिलं आहे. महमूद गावानचा मदरसा म्हणून जगाला माहीत असलेली वास्तू ती हीच.

गावान मूळचा इराणातल्या गीलान प्रांताचा, कास्पियन समुद्राच्या काठचा. जन्म १४११च्या सुमाराचा. घराणं तिथल्या दरबारातलं, मंत्रिपदं भोगलेलं. पण राजकारण अंगावर आलं आणि तो देश सोडून व्यापाराला लागला. व्यापार करता करता विद्या मिळवत राहिला. कैरोत इब्न हजर अस्कलानी या हदीसच्या थोर पंडितांची संगत त्याला लाभली. १४५३ साली तो दाभोळ बंदरात उतरला तेव्हा चाळिशी ओलांडलेला घोड्यांचा सौदागर होता. तिथून बीदरला गेला तो शाह मुहिबुल्लाह या सूफींच्या भेटीसाठी. अलाउद्दीन अहमद सुलतानानं त्याला थांबवून घेतलं, दरबारात जागा दिली. पुढच्या सुलतानांच्या काळात 'मलिक-उत-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा मुख्य, हा किताब मिळाला आणि तिसऱ्या मुहम्मदशाहाच्या कारकिर्दीत तो राज्याचा मुख्य वजीर झाला.

रशियाचा व्यापारी अफनासी निकितीन याच काळात चौलला उतरला, पालीवरून घाट चढून जुन्नरला आला, तिथला पावसाळा काढून बीदरला पोचला. विकायला आणलेला एकुलता एक घोडा त्यानं बीदरमध्येच विकला. त्याच्या लिखाणात 'मेलिक तुचार' वारंवार येतो: त्याचं सैन्य, त्याच्या पागा, त्याच्या पंगतीला रोज बसणारी शेकडो माणसं. तो मेलिक तुचार म्हणजे गावान.

आता तारखेकडे येतो, कारण या इमारतीची तारीख फार सुंदर पद्धतीनं नोंदली गेली आहे. अरबी लिपीत प्रत्येक अक्षराला अंकाची किंमत असते. सामी नावाच्या कवीनं मदरशाच्या पूर्ततेसाठी कुराणातले तीन शब्द उचलले. काबा बांधून होत असताना इब्राहिम आणि इस्माईल ईश्वराला विनवतात की, आमची ही सेवा गोड मानून घे. त्या विनवणीचे हे शब्द. पहिल्याच्या अक्षरांची बेरीज २५३, दुसऱ्याची ५३२, तिसऱ्याची ९१. तिन्ही मिळून ८७६. हिजरी ८७६ म्हणजे १४७१-७२. वास्तू बांधणाऱ्याची प्रार्थना आणि बांधकामाचं वर्ष एकाच वाक्यात बसवण्याचं हे कसब पाहिलं की त्या काळच्या बीदरमध्ये किती शिकलेली माणसं वावरत असतील याचा अंदाज येतो.

आणि हेच वर्ष कोकणच्या मोहिमेचं. अलाउद्दीन अहमद सुलतानाच्या काळात गावानच्या आधीचा मलिक-उत-तुज्जार खलफ हसन याची फौज शिर्के आणि खेळण्याच्या राजानं सह्याद्रीच्या रानात गाठून कापून काढली होती. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. तो सल बीदरच्या मनात होता. गावान मोठी तयारी करून उतरला. जंगल तोडत, पावसाळ्यात माघार घेत, पुन्हा चढत त्यानं खेळणा घेतला, संगमेश्वर घेतलं आणि १ फेब्रुवारी १४७२ रोजी विजयनगरच्या ताब्यातलं गोवा बंदर जिंकलं. छावणीतून त्यानं लिहिलेली पत्रं 'रियाज-उल-इन्शा' या त्याच्या पत्रसंग्रहात आहेत. दाट झाडी, अवघड घाट, आणि राजधानीतून हवी तशी मदत येत नाही ही तक्रार त्यांत आहे. इकडे सह्याद्रीत वजीर लढत होता आणि तिकडे बीदरला त्याच्या मदरशाच्या कमानी वळत होत्या. कोकणच्या त्या लढाईत होरपळलेली माणसं आपली होती, हे विसरून या वास्तूचं कौतुक करता येत नाही. मला ते करावंसंही वाटत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

इमारतीचा आराखडा समजायला सोपा आहे. पूर्व-पश्चिम २०५ फूट, दक्षिणोत्तर १८० फूट. मधोमध सुमारे शंभर फुटांचं चौरस अंगण. चारी बाजूंच्या मध्यावर एकेक मोठी कमान, पूर्ण इमारतीच्या उंचीची. तिला इराणात ऐवान म्हणतात. पूर्वेची कमान प्रवेशाची होती. बाकी तिघींच्या मागे व्याख्यानाची दालनं, तीन मजल्यांइतकी उंच, आतून मोकळी. ही दालनं बाहेरच्या अंगाला अर्ध्या अष्टकोनात पुढे येतात आणि त्यांच्यावर घुमट आहेत. दालनांच्या अध्येमध्ये तीन मजल्यांवर विद्यार्थ्यांच्या खोल्या, कोपऱ्यांत शिक्षकांची राहण्याची सोय. दर्शनी बाजूला मशीद आणि ग्रंथालय. शिकणं, राहणं, वाचणं, नमाज हे सगळं एका छपराखाली.

हा आराखडा दख्खनचा नाही. समरकंदला उलुग बेगनं १४१७ ते १४२०च्या दरम्यान मदरसा बांधला. खुरासानात खर्गिर्द इथे १४४०च्या दशकात तैमुरी बादशहा शाहरुखच्या पीर अहमद ख्वाफी या वजिरानं आणखी एक बांधला. अंगण, चार ऐवान, कोपऱ्यांचे मनोरे, रंगीत कौलांनी मढवलेल्या भिंती: ती तैमुरी परंपरा गावाननं जशीच्या तशी बीदरला आणली. खर्गिर्दचा आश्रयदाताही वजीरच होता हे मला महत्त्वाचं वाटतं. बीदरचे सुलतान मकबरे आणि महाल बांधत होते. शाळा बांधणं हे कारभारी माणसाला सुचलं. चांगला कारकून, चांगला काजी, हिशेब कळणारा अंमलदार कुठून येतो, हे रोज दप्तर हाताळणाऱ्यालाच माहीत असतं.

भारतात या घडणीचा दुसरा मदरसा नाही. बीदरच्या किल्ल्यात रंगीत कौलांचं काम आधीपासून होतं, पण अख्खी वास्तू इराणी वळणाची अशी ही एकटीच. छज्जा नाही, कमळ नाही, कोरीव तोडा नाही. पुढे विजापुरात इमारतींवर भरघोस छज्जे आले, तोड्यांच्या रांगा आल्या, इथल्या पाथरवटाचा हात मोकळा सुटला. गावानच्या मदरशाचा वारसा कोणी चालवला नाही.

यातच त्याच्या आयुष्याचा पेच दडला आहे असं मला वाटतं. बहमनी दरबारात दोन तट होते. एक दख्खनी, म्हणजे इथे रुजलेले आणि इथूनच धर्मांतर करून वर आलेले. दुसरे आफाकी, म्हणजे समुद्रापलीकडून आलेले इराणी, तुर्क, अरब. गावान स्वतः आफाकी, पण नेमणुका करताना त्यानं दोन्ही गटांचा तोल सांभाळला. राज्याच्या चार तरफांचे, म्हणजे प्रांतांचे, आठ भाग केले, प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, बाकीच्यांवर थेट सुलतानाचे किल्लेदार नेमले, जमिनीची मोजणी करवली. कागदावर त्यानं कोणा एकाची बाजू घेतली नाही. मात्र राजधानीच्या भर रस्त्यावर त्यानं जे उभं केलं ते नखशिखांत इराणी होतं. दख्खनी सरदार किल्ल्याकडे जाताना रोज ती निळी भिंत पाहत असणार. त्यांना काय वाटत असेल, याचा विचार तिथे उभं राहिल्यावर मनात येतोच.

भिंतीजवळ जाऊन पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे ती कौलं. मिनारावर ती नागमोडी पट्ट्यांत बसवली आहेत, खालून वर चढत गेलेल्या लाटांच्या ओळी. दर्शनी भिंतीच्या चौकटींत वेलबुट्टी, आणि वरच्या अंगाला कुराणातल्या आयतांचा पट्टा: गडद निळ्या जमिनीवर पांढरी, पल्लेदार अक्षरं. निळा, हिरवा, पिवळा, पांढरा एवढ्याच रंगांत सगळा खेळ. काही ठिकाणी एकेका रंगाच्या कौलाचे तुकडे कापून, घासून, एकमेकांत बसवून नक्षी साधली आहे. अक्षराचं वळण म्हणजे वळणावर कापलेला तुकडाच. आज निम्म्याहून जास्त कौलं गळून गेली आहेत. इराणात अशी कौलं विटेवर बसत आणि हवा कोरडी असे. इथे आतली भिंत दगड-चुन्याची आणि वर्षाला चार महिने पाऊस. पाणी मागे शिरलं की चुना धरलेलं सोडतो आणि तुकडा सुटतो. जिथे तो सुटला तिथे चुन्याची बैठक उघडी पडली आहे. शाबूत जागी नजर रंगावर थांबते. गळालेल्या जागी कारागिरानं गिलावा कसा चढवला, नक्षी कशी धरली, ते कळतं.

मोडलेल्या दक्षिण बाजूचंही तेच आहे. जुन्या वाड्याची एक भिंत कोसळली की आतले कोनाडे आणि माड्या रस्त्यावरून दिसाव्यात, तशी इथे इमारत आतून दिसते. भिंती किती जाड होत्या, एका मजल्याची कमान दुसऱ्याच्या जमिनीला कशी तोलते, दगडांच्या मध्ये चुना किती सढळ हातानं ओतला आहे. वास्तुशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी शाबूत भागाआधी इकडे यावं. पाया भरताना ओल चढू नये म्हणून त्यात शिशाचे पातळ पत्रे घातले होते, अशी नोंद गुलाम यझदानींनी केली आहे. यझदानी हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक होते. बीदरच्या वास्तूंवरचा त्यांचा १९४७ साली निघालेला इंग्रजी ग्रंथ अजूनही आधाराला घ्यावा लागतो. त्यांच्या काळात झालेल्या डागडुजीमुळे उरलेला भाग आपल्यापर्यंत पोचला.

मदरशाच्या ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते असं इतिहासकार फरिश्ता सांगतो. छापखान्याआधीच्या काळातले, म्हणजे प्रत्येक ग्रंथ हातानं उतरवलेला. गावान स्वतः लेखक होता. पत्रलेखनाच्या शास्त्रावर 'मनाजिर-उल-इन्शा' हा ग्रंथ त्यानं लिहिला. हेरातचे कवी जामी यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता. त्यांनी बीदरला यावं म्हणून त्यानं आर्जवं केली. ते आले नाहीत. उस्मानी सुलतान दुसरा मुहम्मद, ज्यानं १४५३मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, त्यालाही बीदरहून पत्रं जात.

मदरसा पूर्ण झाल्यावर गावान नऊच वर्षं जगला. विरोधी गटानं त्याची मोहोर सांभाळणाऱ्याला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि ओरिसाच्या गजपती राजाला बहमनी राज्यावर चालून येण्याचं आमंत्रण देणारं पत्र त्यावर लिहिलं. सुलतान नशेत होता. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडापल्लीच्या छावणीत त्यानं वजिराला बोलावून पत्र दाखवलं. शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही, असं गावाननं सांगितलं. त्याचं ऐकून न घेता हबशी गुलामाला खुणावून त्याला तिथेच मारण्यात आलं. वय सत्तरीच्या घरात. नंतर त्याची संपत्ती शोधायला माणसं गेली तेव्हा हाती फारसं काही लागलं नाही. इराणातून आणलेल्या भांडवलावर तो शेवटपर्यंत व्यापार करत राहिला, त्यातल्या नफ्यावर स्वतःचा साधा खर्च भागवला आणि उरलेलं गरिबांना वाटलं, असं फरिश्तानं लिहिलं आहे. सुलतान वर्षभरात पश्चात्तापानं आणि दारूनं गेला.

या कटातलं एक नाव मराठी वाचकानं लक्षात ठेवावं: मलिक हसन बहरी. त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी ब्राह्मण, असं फरिश्ताच सांगतो. या मलिक हसनचा मुलगा अहमद यानं जुन्नरहून स्वतंत्र होऊन १४९०मध्ये निजामशाही उभी केली आणि अहमदनगर वसवलं. गावानचा जिव्हाळ्याचा माणूस यूसुफ आदिलखान. त्यानं विजापूरची आदिलशाही स्थापली. भोसले घराणं ज्या दोन दरबारांत वाढलं ते दोन्ही दरबार असे या एका खुनानंतरच्या पडझडीतून निघाले आहेत.

मदरसा त्यानंतरही टिकला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फरिश्तानं लिहिलं की, इमारत आत्ताच पुरी झाल्यासारखी दिसते. मार्च १६५७मध्ये औरंगजेबानं बीदरला वेढा घातला. सिद्दी मर्जान हा वृद्ध किल्लेदार सत्तावीस दिवस लढला. बुरुजावरच्या दारूच्या साठ्यात ठिणगी पडली आणि तो भाजून गेला. मोगल आले. शाळेत घोडदळ उतरलं, खोल्यांत बंदुकीची दारू भरली गेली. १६९६मध्ये वीज पडली, दारूचा भडका उडाला आणि दक्षिणेकडचा दर्शनी भाग, दरवाजा, मिनार असं सगळं उडून गेलं. योगायोग असा की, दख्खनमध्ये किल्ल्याखाली दारूचे सुरुंग लावण्याचं तंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं ते बेळगावच्या वेढ्यात, आणि ते वापरणारा गावान होता, असंही फरिश्ता नोंदवतो.

वीज हा निसर्ग झाला. पण शाळेत दारूगोळा ठेवण्याचा हुकूम माणसानं दिला होता. चारमिनारच्याही शंभरेक वर्षं आधीची ही वास्तू, दोनशे वर्षं उभी राहिलेली, निष्काळजीपणानं गेली. कोणी तिच्यावर तोफ डागली नव्हती.

आज मदरसा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. दख्खनच्या सुलतानशाह्यांच्या वास्तूंचा प्रस्ताव २०१४पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे आणि बीदर त्या प्रस्तावाचा भाग आहे. अंतिम यादीत नाव येईल तेव्हा येवो. तोवर गळालेल्या कौलांच्या जागी ढोबळ रंगरंगोटी होऊ नये आणि उरलेल्या कौलांमागे पाणी शिरणार नाही एवढी दक्षता घेतली जावी. तुटलेला भाग नव्यानं बांधून 'पूर्ण' करण्याची कल्पना कोणी मांडलीच तर तिला ठाम विरोध व्हावा. अर्ध्या इमारतीत जे वाचता येतं ते त्या बांधकामाखाली कायमचं झाकलं जाईल.

लातूर, नांदेड, धाराशिव, सोलापूर इथल्या शिक्षकांना एक विनंती आहे. यंदा शाळेच्या सहलीचं ठिकाण ठरवताना बीदरचा विचार करा. उदगीरहून भालकीमार्गे थेट रेल्वे आहे. मदरशाचं तोंड पूर्वेला, म्हणून तिथे सकाळी पोचा; तेव्हा ऊन कौलांवर असतं. मुलांना आधी दक्षिणेच्या मोडलेल्या बाजूला न्या, मग अंगणात, शेवटी मिनाराकडे. तीन शब्दांच्या अक्षरांची बेरीज फळ्यावर आदल्या दिवशीच करून घ्या. आणि वेळ काढून शहराबाहेर गोरनळ्ळी गावाजवळ जा. तिथे गावानची कबर आहे. अश्तूरला बहमनी सुलतानांचे मोठाले घुमट आहेत; या कबरीवर घुमट नाही.